गाण्यातला 'मी' कोण? इंग्रजी रॉक आणि लोकगीतांचा अर्थ लावायला शिकताना

इंग्रजी रॉक आणि फोककडे आपल्याकडचे बहुतेक जण वळतात ते चालीमुळे. गिटारचा एखादा तुकडा डोक्यात बसतो, ध्रुवपद तोंडात येतं आणि शब्द मात्र कानावरून निघून जातात. मग कधीतरी वाटतं, हा नेमकं म्हणतोय तरी काय? शब्द शोधून वाचले तरी निम्मं डोक्यावरून जातं. मग 'या गाण्याचा अर्थ' म्हणून शोध घ्यायचा आणि हाती लागेल ते पहिलं स्पष्टीकरण धरून बसायचं, असं होतं.

ज्यांना तसं न करता अर्थ स्वतः लावायला शिकायचं आहे, त्यांच्यासाठी हा लेख. त्यासाठी इंग्रजी साहित्याची पदवी लागत नाही. एकच गाणं पुन्हा पुन्हा ऐकायची तयारी लागते आणि प्रश्न योग्य क्रमानं विचारायची सवय लागते. 'अर्थ काय?' हा प्रश्न माझ्या मते सगळ्यात शेवटी यायला हवा. त्याआधी विचारायचं: कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय, आणि कधी?

आधी शब्द खात्रीचे करा

ऐकून शब्द लिहून काढणं हा व्यायाम उत्तम, पण त्या कागदावर अर्थाची इमारत उभी करू नका. जिमी हेंड्रिक्सच्या 'पर्पल हेझ' (१९६७) या गाण्यात आकाशाचं चुंबन घेण्याची एक ओळ आहे. इंग्रजी मातृभाषा असलेल्या लोकांनीही वर्षानुवर्षं तिथे 'या माणसाचं चुंबन' असं ऐकलं. मग आपला कान चुकला तर त्यात नवल नाही.

सगळ्यात भरवशाची म्हणजे अल्बमसोबतची छापील पुस्तिका, त्याखालोखाल गायकाचं अधिकृत संकेतस्थळ. तरीही छापलेलं आणि गायलेलं तंतोतंत सारखं असेलच असं नाही. बॉब डिलनच्या छापील गीतांत आणि रेकॉर्डवरच्या शब्दांत बऱ्याच ठिकाणी फरक सापडतो. अशा वेळी रेकॉर्डवर जे ऐकू येतं त्याला पहिला मान द्यावा, कारण गाणं म्हणून लोकांपर्यंत पोचलं ते तेच. 'जीनियस'सारख्या ठिकाणी ओळीओळीखाली वाचकांनी लिहिलेली टिपणं असतात. त्यातली काही फार चांगली असतात, पण ती नंतर वाचा. आधी वाचलीत तर दुसरं काही सुचणंच बंद होतं.

शब्द हातानं उतरवून घ्या आणि ओळींमध्ये भरपूर जागा सोडा. पुढचं सगळं काम त्या मोकळ्या जागेत करायचं आहे.

कोण बोलतंय?

गाण्यातला 'मी' म्हणजे गायकच, या समजुतीमुळे नव्या श्रोत्याची सगळ्यात जास्त फसगत होते. खरं तर मराठी माणसाला हे वेगळं शिकवायला नको. भारुडात विंचू चावला म्हणून कळवळणारा 'मी' म्हणजे प्रत्यक्ष एकनाथ महाराज नाहीत, हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. राम जोशी, होनाजी बाळा या शाहिरांच्या लावण्यांत बाई बोलते, आणि लिहिणारा पुरुष आहे म्हणून आपलं काही अडत नाही. तोच कान इंग्रजी गाण्याला लावायचा.

हे जवळून पाहायला 'हाऊस ऑफ द रायझिंग सन' हे गाणं घ्या. १९६४ साली 'द ॲनिमल्स' या इंग्लिश बँडनं ते गायलं आणि ते ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेलं. त्यात एक तरुण सांगतो की न्यू ऑर्लिन्समध्ये 'उगवता सूर्य' नावाचं एक घर आहे, तिथे कितीतरी गरीब पोरांची धूळधाण झाली आणि मीही त्यातलाच एक. आई कपडे शिवायची, बाप जुगारी. हे ऐकून आपण म्हणतो, जुगाराचा अड्डा असणार, बापाच्या वळणावर पोरगा गेला.

आता मागे जाऊ. १९३७ मध्ये लोकगीतांचे संग्राहक ॲलन लोमॅक्स यांनी केंटकी राज्यातल्या मिडल्सबरो गावी जॉर्जिया टर्नर या सोळा वर्षांच्या मुलीकडून हेच गाणं ध्वनिमुद्रित केलं. तिच्या पाठात बरबाद होतात त्या गरीब मुली, आणि बोलणारी त्यांच्यातलीच एक आहे. बापाचा जुगार तिथे नाही. तिचा प्रियकर दारुडा आहे, आणि तो न्यू ऑर्लिन्समध्ये पीत बसलेला आहे. आपण केलं ते करू नकोस, असा निरोप ती धाकट्या बहिणीला पाठवते. बोलणारी व्यक्ती बदलली आणि घरही बदललं. आता ते कुंटणखाना असू शकतं किंवा बायकांचा तुरुंग. परत जाऊन पायात बेडी घालून घेण्याची जी ओळ दोन्ही पाठांत आहे, ती मुलाच्या तोंडी तुरुंगाची वाटते. मुलीच्या तोंडी तीच ओळ आली की प्रश्न पडतो: ही बेडी लोखंडाचीच आहे का, की ज्या माणसापायी ती तिथे पोचली त्याच्याकडे परत जाण्याची?

बॉब डिलननं १९६२ च्या आपल्या पहिल्या अल्बममध्ये हे गाणं गायलं ते मुलीच्याच तोंडून, एक शब्दही पुरुषी न करता. पण म्हणून मुलीचा पाठ खरा आणि ॲनिमल्सनी तो बिघडवला, असा निकाल घाईनं देऊ नका. क्लॅरन्स ॲशली आणि ग्वेन फॉस्टर यांच्या १९३३ च्या रेकॉर्डवर बरबाद होणारी पोरंच आहेत. दोन्ही आवाज जुने आहेत. न्यू ऑर्लिन्समधलं ते घर नेमकं कोणतं, याचे दावे पुष्कळ झाले, पण ठोस पुरावा एकाही दाव्याला नाही. आणि पत्ता सापडला तरी गाण्याच्या अर्थात फारशी भर पडेल असं मला वाटत नाही.

म्हणून कागदाच्या वरच्या कोपऱ्यात दोन ओळी लिहा: बोलणारा कोण, ऐकणारा कोण. वय, काम, कुठे उभा आहे, काय गमावून बसलाय, हे गाण्यात जेवढं दिलंय तेवढंच लिहायचं. गाण्यात नसेल तर जागा कोरी सोडायची.

क्रियापदं अधोरेखित करा

ही युक्ती साधी आहे आणि जवळजवळ कधीच वाया जात नाही. 'द पोलिस' या बँडचं १९८३ चं 'एव्हरी ब्रेथ यू टेक' घ्या. लग्नसमारंभात वाजतं, चाल हळुवार, गिटार संथ. आता क्रियापदं पाहा. श्वास घेणं, हलणं, पाऊल टाकणं, वचन मोडणं हे सगळं 'तू' करतेस. 'मी' काय करतो? पाहत राहतो. प्रत्येक वेळी फक्त पाहत राहतो. मधल्या भागात तो म्हणतो, तू माझी आहेस हे तुला कसं दिसत नाही. ही प्रेमाची भाषा आहे की पाळतीची? गीतकार स्टिंग यांनी नंतर अनेकदा सांगितलं की हे गाणं गोड नाही, त्यात हक्क गाजवणं आणि नजर ठेवणं आहे. पण त्यांची मुलाखत वाचायच्या आधीच पेन्सिलीनं तुम्हाला ते दाखवलेलं असतं.

कडवी वाचा, सगळी वाचा

ध्रुवपद लक्षात राहावं म्हणूनच रचलेलं असतं. त्यामुळे गाणं म्हणजे ध्रुवपद असा ग्रह होतो, आणि तिथेच मोठमोठी माणसं चकतात.

१९८४ च्या सप्टेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन निवडणूक प्रचारासाठी न्यू जर्सीतल्या हॅमंटन इथे गेले होते. रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन त्याच राज्याचा. त्याच्या गाण्यांत आशेचा संदेश आहे, असं रेगन भाषणात म्हणाले. त्या वर्षी देशभर गाजत होता त्याचा 'बॉर्न इन द यूएसए' हा अल्बम, आणि त्याच नावाच्या गाण्याचं ध्रुवपद मूठ उंचावून ओरडावं असं आहे: मी अमेरिकेत जन्मलो. कडव्यांत काय आहे? मरणकळा आलेल्या गावातला एक मुलगा. काहीतरी लफडं होतं आणि हातात बंदूक देऊन त्याला व्हिएतनामला पाठवतात. परत आल्यावर तेलशुद्धीकरण कारखान्यात नोकरी मिळत नाही. माजी सैनिकांसाठीच्या सरकारी खात्यातला माणूसही काही करू शकत नाही. भाऊ व्हिएतनाममधल्या खे सान्हला लढला आणि गेला, सायगावच्या बाईजवळचा त्याचा एक फोटो तेवढा उरला. शेवटी बोलणारा उभा आहे तो तुरुंगाच्या सावलीत, दहा वर्षं उलटून गेली आणि जायला कुठे जागा नाही.

आता ध्रुवपद पुन्हा ऐका. तेच शब्द, पण त्यात अभिमान आहे की जाब विचारणं? माझ्या मते दोन्ही आहे, आणि गाण्याची ताकद त्यातच आहे. या माणसाला आपल्या देशाचा म्हणूनच मोजलं जायला हवंय, आणि तेच होत नाहीये. नुसतं 'हे देशविरोधी गाणं आहे' म्हणणाऱ्यांनीही अर्धंच ऐकलेलं असतं.

याच गाण्याचा १९८२ मधला एक कच्चा पाठ १९९८ च्या 'ट्रॅक्स' या संचात प्रसिद्ध झाला. फक्त गिटार आणि आवाज. त्यात मूठ उंचावावी असं काहीच नाही. दोन्ही एकापाठोपाठ ऐका. शब्दांचा अर्थ चालीनं, ढोलानं, आवाजाच्या पट्टीनं किती फिरतो हे समजायला याहून चांगला धडा मला तरी माहीत नाही.

आणि 'सगळी कडवी' म्हणजे खरोखर सगळी. अमेरिकन लोकगायक वुडी गथ्रीनं 'धिस लँड इज युअर लँड' लिहिलं २३ फेब्रुवारी १९४० रोजी न्यू यॉर्कमध्ये. रेडिओवर सारखं लागणारं 'गॉड ब्लेस अमेरिका' त्याला रुचत नव्हतं, त्याला दिलेलं हे उत्तर होतं. शाळेत मुलांना शिकवतात त्यात जंगलं, सोनेरी दरी, वाळवंटं, गव्हाची शेतं येतात. मूळ हस्तलिखितात आणखी दोन कडवी आहेत. एकात 'खासगी मालमत्ता' अशी पाटी आडवी येते, आणि पाटीच्या मागच्या बाजूला काहीच लिहिलेलं नसतं. दुसऱ्यात सरकारी मदतीच्या कचेरीबाहेर आपलीच माणसं उपाशीपोटी रांगेत उभी दिसतात, आणि ते पाहून बोलणाऱ्याला प्रश्न पडतो, देवानं अमेरिकेला दिलेला आशीर्वाद खरंच माझ्यासाठी आहे का? ही दोन कडवी वगळली की स्तुतिगीत उरतं. ती धरली की स्तुतीच्या पोटात प्रश्न दिसतो.

तारीख पाहा, दिवसासकट

काही गाणी बातमीसारखी असतात आणि बातमी माहीत नसेल तर ती बंदच राहतात. ४ मे १९७० रोजी ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात युद्धविरोधी निदर्शनांच्या वेळी नॅशनल गार्डच्या, म्हणजे राज्याच्या राखीव सैन्यदलाच्या, गोळीबारात चार विद्यार्थी मेले. नील यंगनं लिहिलेलं 'ओहायो' त्याच महिन्यात ध्वनिमुद्रित झालं. तेव्हाचे अध्यक्ष निक्सन यांचं नाव त्यात थेट येतं, मेलेल्यांचा आकडा पुन्हा पुन्हा येतो. 'द क्रॅनबेरीज' या आयरिश बँडचं 'झॉम्बी' (१९९४) नावावरून भुताखेतांचं वाटतं. पण शब्दांत १९१६ हे साल आहे, आणि तीच किल्ली. डब्लिनमधला ब्रिटिश सत्तेविरुद्धचा ईस्टरचा उठाव त्या सालचा. गाण्याला निमित्त झालं ते आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेनं २० मार्च १९९३ रोजी इंग्लंडमधल्या वॉरिंग्टनमध्ये घडवलेल्या बॉम्बस्फोटांचं, ज्यांत दोन लहान मुलं दगावली. इतकं कळलं की 'तुझ्या डोक्यात' अजून तीच लढाई चालू आहे, हे कुणाला उद्देशून म्हटलंय ते उलगडतं.

पण तारीख उलट बाजूनंही उपयोगी पडते. डिलनचं 'अ हार्ड रेन्स अ-गॉना फॉल' (म्हणजे 'जोराचा पाऊस पडणार आहे') क्युबातल्या क्षेपणास्त्रांच्या पेचप्रसंगावर, म्हणजे सोव्हिएत संघानं तिथे अण्वस्त्रं आणल्यावर उभ्या राहिलेल्या युद्धाच्या संकटावर, लिहिलं गेलं, असं तुम्हाला पन्नास ठिकाणी वाचायला मिळेल. १९६३ मध्ये आलेल्या अल्बमच्या वेष्टनावरच्या मजकुरात डिलननं स्वतःही हा संबंध जोडला आहे. मात्र अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी दूरचित्रवाणीवरून देशाला त्या संकटाची माहिती दिली ती २२ ऑक्टोबर १९६२ रोजी. डिलननं हे गाणं न्यू यॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गायलं होतं २२ सप्टेंबरला, म्हणजे बरोबर महिनाभर आधी. मग अणुयुद्धाचा अर्थ सोडून द्यायचा का? नाही. सोव्हिएत संघानं १९६१ च्या सप्टेंबरात आणि अमेरिकेनं १९६२ च्या एप्रिलमध्ये हवेतल्या अणुचाचण्या पुन्हा सुरू केल्या होत्या, भीती वातावरणात होतीच. खोटा ठरतो तो फक्त 'क्युबामुळे लिहिलं' एवढा दावा. अर्थ लावताना असा नेमकेपणा ठेवावा. जेवढं पडतं तेवढंच पाडायचं.

याच गाण्याचा आराखडा कुठून आला ते पाहिलं की आणखी काही हाती लागतं. 'लॉर्ड रँडल' हे जुनं बॅलड, म्हणजे कथागीत, आई आणि मुलाच्या सवालजवाबांचं आहे. कुठे गेला होतास, काय खाल्लंस, असं आई विचारत जाते आणि हळूहळू कळतं की प्रेयसीनं त्याला विष घातलंय, तो मरायला टेकलाय. डिलननं तोच साचा घेतला: कुठे होतास, काय पाहिलंस, काय ऐकलंस? जुनं गाणं ठाऊक असलेल्या श्रोत्याला पहिल्या प्रश्नापासूनच धास्ती वाटते, कारण या मुलाचं पुढे काय होतं ते त्याला माहीत असतं. डिलनचा मुलगा मात्र मरत नाही. पाऊस यायच्या आत मी पुन्हा बाहेर पडणार, पाहिलं ते सांगणार, असं तो म्हणतो. साचा ओळखू आला म्हणूनच ही कलाटणी दिसते.

लोकगीताला एकच मूळ पाठ नसतो

जात्यावरच्या ओव्या ऐकलेल्या माणसाला पाठभेद नवीन नाहीत. एका गावातली ओवी दुसऱ्या गावात वेगळ्या नावानिशी येते, एका गाण्यातलं कडवं दुसऱ्यात जाऊन बसतं. इंग्रजी लोकगीतांचंही तसंच आहे, आणि सुदैवानं तिथे ती लावून ठेवलेली आहेत. फ्रान्सिस जेम्स चाइल्ड या हार्वर्डच्या प्राध्यापकांनी १८८२ ते १८९८ या काळात ३०५ बॅलडं, त्यांच्या अनेक पाठांसह, प्रसिद्ध केली. 'लॉर्ड रँडल' त्यांच्या यादीत बारावं. स्टीव्ह राऊड यांनी पुढे लोकगीतांची प्रचंड सूची केली, आणि ती लंडनच्या व्हॉन विल्यम्स मेमोरियल लायब्ररीच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट पाहता येते. तिथे गाण्याचा राऊड क्रमांक शोधला की त्याची भावंडं समोर येतात.

आता 'स्कारबरो फेअर'. सायमन आणि गारफंकल यांनी १९६६ मध्ये जगभर नेलेलं हे गाणं पॉल सायमन १९६५ साली लंडनमध्ये मार्टिन कार्थी या लोकगायकाकडून शिकला. त्यात एक पुरुष जत्रेला निघालेल्या कुणाकडे आपल्या जुन्या प्रेयसीसाठी निरोप देतो: तिला म्हणावं, शिवण न घालता तलम कापडाचा सदरा शिव, खारं पाणी आणि वाळूचा किनारा यांच्यामध्ये मला एकरभर जमीन शोधून दे, कातड्याच्या विळ्यानं पीक काप. ऐकताना विरहाचं, हळवं वाटतं. अशक्य कामं का सांगतो? ती परत येणार नाही हे त्याला माहीत आहे म्हणून, असा अर्थ आपण लावतो, आणि या पाठापुरता तो बरोबर आहे.

पण या गाण्याचे पूर्वज 'द एल्फिन नाइट' या बॅलडमध्ये आहेत. ते चाइल्ड यांच्या यादीत दुसरं, राऊड क्रमांक १२, आणि त्याचे छापील पाठ सतराव्या शतकापर्यंत मागे जातात. तिथे बाई गप्प बसत नाही. एक गूढ सरदार तिला बिनशिवणीचा सदरा शिवायला सांगतो, आणि ती उलट त्यालाच म्हणते, आधी तू समुद्र आणि किनारा यांच्यामधली जमीन नांगर, मग ये सदरा न्यायला. म्हणजे जमिनीची आणि कापणीची कोडी मुळात तिची आहेत. ही बुद्धीची झुंज आहे, आणि ती हरत नाही. नव्या पाठात तिचे जवाब पुरुषाच्या तोंडी गेले आणि झुंजीचा विरह झाला. मला दोन्ही गाणी आवडतात. पण जुना पाठ वाचल्यावर नव्या गाण्यातली तिची शांतता मला फार टोचते.

ध्रुवपदातल्या चार वनस्पतींबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. पार्सली म्हणजे अमुक, सेज म्हणजे तमुक, रोझमेरी निष्ठेची खूण, थाइम धैर्याची, असे तक्ते सगळीकडे मिळतात. या गाण्याच्या काही जुन्या पाठांत मात्र त्या वनस्पतीच नाहीत. त्या जागी 'प्रत्येक गुलाब काळाबरोबर आनंदी होतो' अशा अर्थाची ओळ आहे. तिचा इंग्रजी नाद वनस्पतींच्या ओळीशी इतका जुळतो की गाता गाता एकीची दुसरी झाली असावी, असं वाटतं. मग निष्ठा आणि धैर्याचा तक्ता कशावर उभा राहणार? लोकगीतात एखादी ओळ कधीकधी केवळ तोंडाला गोड लागते म्हणून टिकते.

रूपक असेल तर ते शेवटपर्यंत चालायला हवं

सगळंच असं निसरडं नसतं. 'जॉन बार्लीकॉर्न' हे इंग्लंडचं जुनं लोकगीत, 'ट्रॅफिक' या बँडनं १९७० मध्ये गायलेलं. पश्चिमेकडून तीन माणसं येतात आणि जॉनला मारायची शपथ घेतात. त्याला नांगरून गाडतात, डोक्यावर ढेकळं टाकतात. पाऊस पडतो आणि तो उठून उभा राहतो. त्याला लांब दाढी फुटते. मग त्याला गुडघ्यात कापतात, कमरेला बांधतात, काट्यांनी टोचतात, गाडीत घालून खळ्यावर नेतात, हाडापासून मांस सुटेपर्यंत झोडपतात, शेवटी दोन दगडांमध्ये भरडतात. हे वाचून शेतकऱ्याच्या घरातलं पोरसुद्धा ओळखेल: पेरणी, कणसाचं कुसळ, कापणी, पेंढी, मळणी, दळण. जॉन म्हणजे बार्ली, जवस नव्हे, जव. शेवटी तो पेल्यात दारू होऊन उतरतो आणि ज्यांनी मारलं त्यांनाच आडवं करतो.

इथे रूपक प्रत्येक कडव्यात बसतं, एकही तपशील बाहेर लोंबत नाही. कसोटी म्हणून हेच वापरा. तुम्हाला सुचलेला छुपा अर्थ सगळ्या कडव्यांना पुरतो का? की एका ओळीवर उभा राहून बाकीच्या ओळींकडे डोळेझाक करतो?

'पफ, द मॅजिक ड्रॅगन' (१९६३) हे गाणं अमली पदार्थांबद्दल आहे, ही अफवा अनेक वर्षं चालली. 'पफ' म्हणजे झुरका, असा तो तर्क. आता कसोटी लावा. मुलगा मोठा होतो, खेळायला येणं थांबवतो, आणि ड्रॅगन एकटा गुहेत परत जातो. झुरक्याच्या अर्थानं गाण्याचा हा शेवट, म्हणजे गाण्याचं काळीज, मुळीच उलगडत नाही. बालपण संपण्याच्या अर्थानं सगळं उलगडतं. हे गाणं ज्या कवितेवरून झालं ती १९५९ मधली, आणि दोन्ही रचनाकारांनी अमली पदार्थांचा अर्थ कायम नाकारला.

दुसरी कसोटी: तो अर्थ पहिल्यांदा कधी लावला गेला? आपल्या बालवाड्यांतही म्हटलं जाणारं 'रिंगा रिंगा रोझेस' प्लेगच्या साथीवर आहे, असं हमखास सांगितलं जातं. इंग्रजीत ते छापलेलं सापडतं एकोणिसाव्या शतकापासून, आणि प्लेगचं स्पष्टीकरण रूढ झालं ते थेट दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास. लंडनची मोठी साथ १६६५ ची. मधल्या पावणेतीनशे वर्षांत कुणालाच हे सुचलं नाही, यावर लोकसाहित्याच्या अभ्यासकांचा विश्वास बसत नाही, आणि माझाही नाही.

गीतकाराचं म्हणणं

ते जरूर वाचा, पण साक्ष म्हणून. निकाल म्हणून नाही. १९६३ मध्ये स्टड्स टर्केल या रेडिओ मुलाखतकाराशी बोलताना डिलननं सांगितलं की 'अ हार्ड रेन्स'मधला तो पाऊस अणूचा नाही. गाण्यातल्या विषाच्या गोळ्या म्हणजे रेडिओ आणि वर्तमानपत्रांतून लोकांना सांगितलं जाणारं खोटं. त्याच वर्षीच्या अल्बमवर त्याच गाण्याच्या संदर्भात क्युबाचं संकट! दोन्ही त्याचीच वाक्यं. मग आपण शब्दांकडे परत जातो, तारीख पाहतो, आणि कोणतं म्हणणं गाण्याशी जुळतं ते ठरवतो. गीतकार कधी आठवणीत चुकतात, कधी प्रश्नाला कंटाळतात, कधी त्यांना वर्षांनंतर गाण्यात नवं काही दिसतं. त्यात लबाडीच असते असं नाही.

पहिलं गाणं कसं हाताळायचं

आपल्याला आवडणारं, पण शब्द कधी नीट न वाचलेलं एक गाणं निवडा. पहिल्यांदा शब्द समोर न घेता ऐका आणि मनात काय उमटलं ते एका वाक्यात लिहा: राग, जिव्हाळा, भीती, काहीही. मग शब्द घेऊन ऐका. बोलणारा, ऐकणारा, क्रियापदं. कडव्यांची गोष्ट मराठीत आपल्या साध्या भाषेत लिहून काढा, अलंकार गाळून. जिथे मराठीत लिहिताना हात अडखळतो, तिथेच बहुधा गाण्याची गाठ असते. त्या जागेवर खूण करा. त्यानंतर तारीख, घटना, जुना साचा शोधा. दुसऱ्या कुणी गायलेला पाठ ऐका. आणि मग दुसऱ्यांची स्पष्टीकरणं वाचा. आता तुमच्याकडे ती तपासायला काहीतरी असेल. पहिलं वाक्य अजून खरं वाटतं का तेही पाहा. बऱ्याचदा ते खरंच ठरतं, फक्त त्याचं कारण वेगळं निघतं.

सुरुवातीला 'अमेरिकन पाय' किंवा 'हॉटेल कॅलिफोर्निया' घेऊ नका. दोन्ही सुंदर, पण त्यांच्याभोवती स्पष्टीकरणांचं इतकं रान माजलंय की नवा माणूस गाण्यापर्यंत पोचतच नाही. 'अमेरिकन पाय'मागची ३ फेब्रुवारी १९५९ च्या विमान अपघाताची हकिगत, ज्यात बडी हॉली गेला, ती खरी आहे. पण प्रत्येक ओळीत एकेक गायक शोधत बसलं की शोक हरवतो आणि कोडं तेवढं उरतं.

त्यापेक्षा गथ्रीचं गाणं घ्या. खासगी मालमत्तेच्या पाटीचं कडवं असलेलं त्याचं १९४४ चं ध्वनिमुद्रण पुढे १९९० च्या दशकात प्रसिद्ध झालं. ते ऐका. मग १८ जानेवारी २००९ चं ऐका: ओबामांच्या शपथविधीच्या दोन दिवस आधी, वॉशिंग्टनमध्ये लिंकन स्मारकासमोर, ८९ वर्षांचा लोकगायक पीट सीगर आणि ब्रूस स्प्रिंगस्टीन तीच वगळलेली कडवी लाखोंच्या गर्दीकडून म्हणवून घेतात. दोन्ही वेळी बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण, ते वहीत शेजारी शेजारी लिहा. ते जमलं की राऊड क्रमांक १२ उघडा आणि जी कोडी आता पुरुषाच्या तोंडी आहेत त्यातली तिची कोणती होती, ते पाठ समोर ठेवून स्वतः वेगळी काढा.